मांजरपाटावरचा पाय

चंद्रभान मुकादम झाला असता तर त्याला काय मिळालं असतं, हे वखारीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. महिना आठ रुपये, दसऱ्याला एक पागोटं, आणि पोत्यात स्वतः न उतरता उतरणाऱ्यांवर खेकसायचा हक्क. पण त्याच्या बायकोला काय मिळालं असतं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मनकर्णानंही ते कुणाला सांगितलं नव्हतं. तिला मिळणार होती एक चूल.

चूल म्हणजे काय मोठं, असं ज्याला वाटतं तो अकरा वर्षं जावेच्या चुलीवर राबलेला नसतो. अकोल्याच्या वाटेवरच्या गावात चंद्रभानचं घर खातंपितं होतं. काळी जमीन, दोन बैलजोड्या, थोरला भाऊ नत्थुजी कर्ता. नत्थुजीची बायको कौशल्या वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ती फक्त पीठ स्वतःच्या हातानं काढून द्यायची, वरणात लसूण पडणार का नाही ते ठरवायची, आणि मनकर्णानं भाकर थापली की ती उचलून उजेडात धरायची, काही न बोलता. एवढंच. अकरा वर्षं.

दिवाळीनंतर चंद्रभान हंगामाच्या कामाला अमरावतीला आला आणि मनकर्णा भाकरी करायला म्हणून त्याच्याबरोबर आली. अंबागेटाच्या आत गंगूबाई नावाच्या म्हातारीच्या परसात त्यांना एक पडवी मिळाली. तिथं मनकर्णानं तीन दगड मांडले, आणि पहिल्या दिवशी वरणात इतका लसूण घातला की चंद्रभानला दोन दिवस ढेकर येत राहिले. तो हसला. पण शिमगा झाला की हंगाम संपणार होता, आणि हंगाम संपला की परत गावाला. मुकादमी मात्र बारमाही होती. मुकादमाची बायको बारा महिने अमरावतीत राहणार होती. मनकर्णाचा सगळा हिशेब या एका ओळीचा होता.

ते साल कापसाच्या सोन्याचं. सात समुद्रांपलीकडं एकाच मुलखातले भाऊबंद एकमेकांचे गळे धरून बसले होते म्हणे, तिकडचा कापूस अडकला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांचं पोट भरायची जोखीम वऱ्हाडावर येऊन पडली होती. जन्मात कधी जोडा न घातलेले लोक नवा जोडा विकत घेऊन तो हातात धरून बाजारातून फिरत होते. पायात घातला तर झिजेल. आगगाडीची लोखंडी सडक बडनेऱ्याला येणार येणार म्हणत होते, पण तोवर कापूस बैलगाडीनंच जायचा, आणि गाडीत जास्त मावावा म्हणून तो आधी पोत्यात दाबावा लागायचा. दाबायचा माणसाच्या पायांनी.

दोन पुरुष उंचीचं तागाचं पोतं, त्याला बोद म्हणत, लाकडी चौकटीला टांगायचं, तोंड लोखंडी कड्यावर ताणायचं, आणि आत माणूस सोडायचा. वरून दुसरा कापसाच्या कवा, मिठीत मावेल तेवढा एकेक ढीग, टाकत राहायचा आणि आतला तुडवत राहायचा. सकाळी तळाला उतरलेला माणूस कापसाबरोबर इंच इंच वर येत दुपारी तोंडाशी दिसायचा, डोक्यापासून पापण्यांपर्यंत पांढरा. टाचेनं तुडवणं कुणालाही येतं. खरी करामत कोपऱ्यांत. तिथं टाच पोचत नाही, तिथं पायाचा अंगठा रुतवून कापूस बसवावा लागतो. चंद्रभानचा उजवा अंगठा या कामात असा तयार झाला होता की त्याच्या बोदात दुसऱ्याच्या बोदापेक्षा दहा शेर कापूस जास्त मावायचा. सगळं भांडवल त्या एका अंगठ्यात. शेठनं हे हेरलं होतं. जुना मुकादम पंजाबराव याचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून शेठनं सांगून टाकलं की शिमग्यापर्यंत जो एकही खाडा न करता बोद भरील तो पुढचा मुकादम. तुडवणारे बारा होते. माघ लागेपर्यंत बिनखाड्याचे दोनच उरले, चंद्रभान आणि शेषराव.

पण खाडा नुसता आजारपणानं होत नसे. वखारीत शिरताना रोज सकाळी एक कसोटी होती. दाराशी ओली फळी, आणि तिच्यापुढं हातभर पांढरा मांजरपाट अंथरलेला. ओल्या फळीवर पाय ठेवायचा, मग मांजरपाटावर. कापडावर नुसतं पाणी उमटलं तर आत जायचं. काही रंग उमटला तर घरी. मुंबईचा खरीददार बोद फाडून बघायचा, आणि आत बोटभर लाल डाग जरी दिसला तरी सगळ्या बोदाचा भाव पाडायचा. म्हणून पायाला हळद चालत नसे, तेल चालत नसे, गेरू चालत नसे. तागात अडकू नये म्हणून नखंही अगदी मुळापर्यंत खुडलेली लागत.

त्या खुडण्यातच सगळं झालं. पौषात चंद्रभाननं विळ्याच्या टोकानं उजव्या अंगठ्याचं नख खुडलं आणि कोपरा गोल करून आत घेतला. नख वाढलं ते सरळ न वाढता बाजूच्या मांसात शिरलं. आठ दिवसांत अंगठा लाल झाला, पंधरा दिवसांत ठणकू लागला, आणि कोपऱ्यात कापूस रुतवताना बोदाच्या आत चंद्रभान दात आवळून रडायचा. आत कुणाला दिसत नव्हतं, हे त्यातल्या त्यात बरं.

मनकर्णा म्हणाली, अंबागेटाशी म्हाली बसतो, त्याच्याकडं जा. न्हाव्याला वऱ्हाडात म्हाली म्हणतात, आणि नख काढायचं ते त्यांनीच काढायचं. एका आण्याचं काम होतं. पण चंद्रभानला तो एक आणा गिळवेना. पैसा जास्त होता म्हणून नव्हे. गावचा म्हाली जानराव याला खळ्यावरून दर साल दोन पायल्या ज्वारी जात होती, ती या सालीही गेली होती, आणि त्या बलुत्यात घरच्या सगळ्यांची डोकी, दाढ्या आणि नखं आलीच होती.

"ज्वारी मोजून देल्ली ना त्याले? मंग एकाच नखाचं मी दोनदा काहून देऊ? आन् दुसऱ्यापुढं पाय धरला, हे जानरावले कळलं त तो काय म्हनन?"

"जानराव तिकडं," मनकर्णा म्हणाली, "आन् नख इकडं."

तो हसला आणि गेला नाही. नत्थुजी फाल्गुनात कापसाच्या गाड्या घेऊन येणार होता, त्याच्याबरोबर जानराव येईलच, तोवर घरी काय होतं ते बघू, असं ठरलं. हे ठरवणारा माणूस मूर्ख नव्हता. बलुतं घेणाऱ्याला सोडून परक्याच्या हातात पाय देणं ही त्याच्या लेखी बेइमानी होती, आणि बेइमानी त्याला जमत नव्हती.

मग घरी सुरू झालं. मनकर्णा सकाळ-संध्याकाळ कढत पाण्यात मीठ टाकून त्यात पाय बुडवून ठेवायची. कातडं मऊ झालं की दाभणाच्या बोथट बाजूनं नखाचा रुतलेला कोपरा केसभर उचलायची, आणि त्याच्याखाली कापसाची बारीक वात सरकवायची. वातीनं नख मांसापासून वर राहतं, हे गंगूबाईनं सांगितलं होतं. कापूस विकत घ्यायची गरज नव्हती. चंद्रभान घरी यायचा तेव्हा त्याच्या कानांमागं, भुवयांत, मिशीत चिकटलेला असायचाच. त्या साली ज्याच्यापायी साता समुद्रांपलीकडचे लोक तळमळत होते तो माल मनकर्णा नवऱ्याच्या कानातून काढून त्याच्याच अंगठ्यात भरत होती. चार दिवसांत ठणका उतरला. पाचव्या दिवशी चंद्रभाननं झोपेत पाय आपटला तरी ओरडला नाही. मनकर्णाला वाटलं, जमलं.

सहाव्या दिवशी मांजरपाटावर अंगठ्याच्या जागी तांदळाएवढा पिवळट डाग उमटला. पंजाबरावनं तो डोळ्यांनी पाहिला नाही, त्याला दिसतच नव्हता. मागच्या शेषरावनं खोकून दाखवला. पंजाबराव खाली बसला, बोटानं चाचपत त्यानं नखाखालची वात ओढून काढली आणि वर धरली.

"काय बे चंद्रभान, शेठचा माल आता नखात भरून नेत राह्यला का?"

सगळे हसले. चंद्रभानही हसला. पंजाबरावनं त्याला त्या दिवशी आत सोडलं, पण कानाशी वाकून सांगितलं की उद्या कापडावर ओलाव्याशिवाय काही दिसलं तर नाइलाज आहे, शेठला मला तोंड दाखवायचं आहे. आणि वात ठेवू नको, वातीनं पू बाहेर ओढला जातो. हे शेवटचं तो चांगुलपणानं म्हणाला होता. पू बाहेर येणंच बरं असतं, हे त्या दारात उभं राहून कुणाला सुचणार?

घरी येऊन चंद्रभाननं सगळं सांगितलं, हसण्यासकट. मनकर्णा परसात गंगूबाईकडं गेली. पू बंद करून अंगठा कोरडा कसा करायचा, असं तिनं विचारलं. म्हातारीनं कमरेची चंची सोडली, त्यातली चुन्याची डबी काढून दिली.

"गूळ आन् चुना, बरोबरीनं. चांगला घोट, कोमट कर, मंग लाव. गूळ इसरू नको वं पोरी. नुसता चुना मास खाते."

मनकर्णानं ऐकलं. नीट ऐकलं. गूळ घरात होता. मडक्यात सुपारीएवढा खडा होता. तिनं तो हातात घेतला, चुन्याशेजारी ठेवला, आणि तिला मांजरपाट दिसला. गूळ तांबडा. ओल्या फळीवर पाय पडला की गूळ विरघळणार आणि कापडावर पिवळ्याच्या जागी तांबडं उमटणार. चुना मात्र पांढरा. ओल्या कापडावर पांढरं कुणाला दिसतं? शिमग्याला पंधरा दिवस होते. पंधरा दिवसांत चुना असं किती मास खाणार? तिनं गूळ परत मडक्यात टाकला.

चुना लावला तेव्हा चंद्रभाननं पडवीचा खांब धरला. मग म्हणाला, थंड वाटते. दुसऱ्या सकाळी कापडावर नुसतं पाणी उमटलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. चुना वाळून अंगठ्यावर टोपीसारखा बसला होता आणि आत काय चाललं होतं ते कुणाला दिसत नव्हतं. मनकर्णा रोज त्यावर नवा हात द्यायची, भिंतीवर देतात तसा. पाचव्या दिवशी ठणका अगदी थांबला. चंद्रभान खूश झाला. बोदात अंगठा कितीही रुतवला तरी काही कळत नव्हतं. मनकर्णानं अंगठा दाबून विचारलं, दुखतं का? तो म्हणाला, कुठं धरलंस? ती घाबरली. सकाळी तिनं पुन्हा चुना लावला.

शिमग्याला पाच दिवस असताना नत्थुजीच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर जानराव म्हाली आला, काखेत हत्यारांची धोकटी मारून. चंद्रभाननं त्याला मोठ्या हौसेनं दाखवायला पाय पुढं केला, म्हणजे बघ, तुझ्या हक्काचं नख मी कुणाला दिलं नाही. जानरावनं पाय मांडीवर घेतला. नखं काढायच्या नराणीच्या टोकानं चुन्याची टोपी उचकली. खालून वास आला तसा नत्थुजी उठून परसात जाऊन उभा राहिला. अंगठा काळा होता. काळेपणा शेजारच्या दोन बोटांच्या मुळाशी पोचला होता आणि पाऊल सुजून चकचकत होतं.

जानरावनं नराणी पुसून खाली ठेवली. मग त्यानं मनकर्णाकडं बघून विचारलं की याच्यात गूळ होता का. तिच्याआधी चंद्रभानच म्हणाला, होता होता. त्याला माहीत नव्हतं. बायकोवर विश्वास होता, एवढंच. मनकर्णानं मान खाली घातली.

"आज बसला त अंगठा जाईन, पाय राहीन," जानराव म्हणाला. "अजून पोत्यात उतरला त मले पायाचं सांगता येत नाई."

"पाच दिस राह्यले, भाऊ," मनकर्णा म्हणाली.

"कोनाचे पाच दिस, वहिनी? शेठचे का चंद्रभानचे?"

चंद्रभान म्हणाला, आता दुखत तर नाही, मग पाच दिवसांत काय होतंय. एवढा दोन महिने रडलो ते काय आज घरी बसायला? असं म्हणून त्यानं मनकर्णाकडं बघितलं. ती नको म्हणाली असती तर तो बसला असता. हे तिलाही माहीत होतं. नको हा दोन अक्षरांचा शब्द तिच्या जिभेवर आला, आणि त्याच्याबरोबर कौशल्या आली, हातात भाकर घेऊन उजेडाकडं वळलेली. मनकर्णा उठली आणि चुन्याची डबी घेऊन आली. जानरावनं धोकटी बांधली. जाताना म्हणाला, मी गाडीतळावर आहे.

दोन दिवस निभले. तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानचं अंग इतकं तापलं होतं की मांजरपाटावरचं पाणी लवकर वाळलं, असं शेषराव पुढं सांगत असे; ते तिखटमीठ लावून. कापडावर डाग मात्र नव्हता. चंद्रभान बोदात उतरला. वरचा गडी कवा टाकत राहिला. टाकणारा खाली बघत नसतो, तो पोतं हलतंय का ते बघतो; पण त्या दिवशी शेजारच्या बोदामुळं चौकटच हलत होती. अर्ध्या पोत्यावर कापूस आला तरी चंद्रभानचं डोकं दिसेना. पंजाबरावला दिसत नव्हतं म्हणूनच कदाचित त्याच्या लक्षात आलं. या बोदातून पावलांचा आवाज येत नाही, असं तो म्हणाला, आणि त्यानं स्वतः विळा घेऊन पोत्याची शिवण उसवली. कापसाबरोबर चंद्रभान बाहेर घरंगळला. जिवंत होता. नाकातोंडात कापूस होता आणि तो काहीतरी मोजत होता. आकडे उलटसुलट येत होते.

शेठ माणूस सज्जन. त्यानं स्वतःच्या गाडीतून त्याला पडवीपर्यंत पोचवलं, आणि उसवलेल्या बोदातला कापूस नीट तपासून घेतला. एकही डाग निघाला नाही. खाडा मात्र खाडाच. शिमग्याला दोन दिवस उरले होते.

मी हात लावणार नाही, असं जानराव काही म्हणाला नव्हता. पण मनकर्णा गाडीतळाकडं धावत निघाली तेव्हा तिला तो तसं म्हणाला असल्याचंच आठवत होतं. तो निमूट आला. दुपारच्या उन्हात, तिनं मांडलेल्या त्या तीन दगडांवर त्यानं वस्तरा लाल केला. नत्थुजीनं भावाचे खांदे धरले, मनकर्णानं पाय धरला. अंगठा गेला, शेजारची दोन बोटं गेली, आणि पावलाची एक फाक गेली. चंद्रभान शुद्धीवर होता. ओरडला नाही. एकदाच त्यानं मनकर्णाला विचारलं, जास्त दाबू राह्यलो का मी तुले? त्याचा डावा हात तिच्या खांद्यावर होता.

काम झाल्यावर नत्थुजीनं जानरावपुढं दोन रुपये ठेवले. त्यानं ते सरकवून दिले. हे बलुत्यातच आलं, म्हणाला.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीत गवत पसरून त्यांनी चंद्रभानला गावाला नेलं. मनकर्णा मागं पाय सोडून बसली होती. बडनेऱ्याच्या पुढं कुठंतरी त्याला झोप लागली.

आता कुणी काय किंमत दिली याची शेवटची बेरीज करायची तर शेठकडून सुरुवात करावी लागेल, कारण ते सोपं आहे. त्याचे सगळे बोद बिनडागाचे गेले. त्यानं काही दिलं नाही. शेषराव मुकादम झाला. पण जेठात बातमी आली की समुद्रापलीकडचं भांडण मिटलं, भाव एका आठवड्यात कोसळला, वखारीला कुलूप पडलं आणि शेषराव आपल्या गावाला निघून गेला. बारमाही मुकादमी अडीच महिने टिकली. हे मनकर्णाला कळलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. पाखडत राहिली. पंजाबराव आंधळा झाला, तो तसाही होणारच होता. कौशल्यानं दिराच्या पायाला सहा महिने स्वतः शेक दिला आणि टोमणा म्हणून एक मारला नाही; ती तिची बाजू.

चंद्रभाननं तीन बोटं दिली आणि तो मोकळा झाला. काठी टेकत पारावर जाऊन बसतो, बोदाचं लोखंडी कडं पायावर पडलं असं सांगतो, ऐकणारे हळहळतात. दरवेळी कडं थोडं जड होतं.

आणि मनकर्णा. एका पावसाळ्यात तिला राहवलं नाही. चुलीपाशी बसल्या बसल्या तिनं कौशल्याला सांगून टाकलं की चुना मी लावला, गूळ घरात होता, गंगूबाईनं बजावलं होतं, तरी मी तो टाकला नाही; आणि जानराव आला त्या दिवशी हे माझ्या तोंडाकडं बघत होते तेव्हाही मी गप्प बसले. कौशल्या भाकर थापायची थांबली. पण ती काही बोलायच्या आत ओसरीवरून चंद्रभानचा आवाज आला.

"तिचं आयकू नका, वहिनी. कडंच पडलं व्हतं."

कौशल्यानं मान हलवली आणि पुन्हा भाकर थापायला घेतली. म्हणजे देणारे दोघंच. त्यातलं चंद्रभानचं देणं जानरावच्या वस्तऱ्याखाली त्या दुपारी एकदाच घेतलं गेलं. मनकर्णा आपलं देणं हातात घेऊन उभी आहे, आणि त्या घरात ते घ्यायला कुणी तयार नाही.